बिननावाची मूठ

कानबाईच्या सणाला यंदा नवल येतो की नाही, यावर गावात पैज तेवढी लागायची राहिली होती. बाकी बोलून सगळं झालं होतं. पुढाकार अर्थात जीवरामचा. प्रेमराज आणि नवल या भावांचा हा चुलतभाऊ. स्वतःच्या घरात त्याला कोणी हिंग लावून विचारत नसलं, तरी दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय ते त्याला बरोबर कळायचं. शनिवारी सकाळीच तो ओट्यावर येऊन बसला होता, आणि प्रेमराजचे कान भरण्याचं काम निवांत चालू होतं.

आत प्रेमराजची बायको कोकिळा जातं पुसत होती. वर्षभर कोपऱ्यात पडून राहणाऱ्या जात्याला श्रावणात एकदाच हात लागायचा. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, आणि तिच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू आदल्या दिवशी घरीच दळायचे, गिरणीवर न्यायचे नाहीत, अशी या घराची रीत. त्याहून कडक रीत गहू मोजण्याची. भाऊबंदकीतल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. पाळण्यातल्या पोराची मूठ पडते, परदेशी गेलेल्याचीही पडते. मेलेल्याची पडत नाही. बायकांची तर कधीच नाही. त्या पिठाचे रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला तुकडाही द्यायचा नाही. थोडक्यात, सुपात मूठ पडली की माणूस घरचा.

आणि काल जेवताना ताटातून मान वर न करता प्रेमराजने सांगितलं होतं, की यंदा नवलचं नाव घ्यायचं नाही.

नाव घेणं हे कोकिळेचं काम. मूठ तिच्या सासूची, सुंदरबाईंची. पण ऐंशीच्या पुढे गेल्यावर एवढ्या गोतावळ्याची नावं त्यांना ओळीने आठवेनात, म्हणून अलीकडे कोकिळा नाव सांगायची आणि सुंदरबाई मूठ टाकायच्या. म्हणजे नवलला घराबाहेर काढायचं, ते कोकिळेच्या तोंडून. प्रेमराजने हे काम तिच्यावरच का सोपवलं, हे तिला न सांगता कळलं होतं. दोष त्याने दोघांनाही दिला होता, आणि शिक्षाही दोघांना मिळून एकच ठेवली होती.

नवलचं नाटक काही या घराला नवं नव्हतं. कोकिळा लग्न होऊन आली तेव्हा हा दीर दहावीत होता आणि गणेशमंडळाच्या नाटकात त्याला राणी व्हायचं होतं. त्याने वहिनीचं लग्नातलं हिरवं लुगडं मागितलं, तिने दिलं, आणि त्याने ते खिळ्याला फाडून आणलं. कोकिळेने सासूच्या नकळत रफू केलं. लुगड्याचं तिला वाईट वाटलं नाही. मागाहून लक्षात आलं की विहिरीवरून ती पाणी आणायची तेव्हा हा पोरगा रोज कट्ट्यावर बसून तिची चाल बघत होता, आणि स्टेजवरची राणी डोक्यावर मुकुट नव्हे, हंडा असल्यासारखी चालली होती. गावाने टाळ्या दिल्या. कोकिळा पदरात तोंड घालून हसली होती.

पुढे नवल जळगावला गेला. डाळ मिलच्या ऑफिसात चिकटला, आणि ऑफिस सुटलं की शाळेच्या हॉलमध्ये तालमी घेऊ लागला. ग्रुपमधला लेखक बदलीवर गेला, तेव्हा तो लिहायला लागला. ऐन प्रयोगाला नट आला नाही, तेव्हा त्याने तोंडाला रंग लावला. दिग्दर्शक तो आधीपासूनच होता, कारण वेळेवर येणारा तो एकटाच. मुक्ताईनगरच्या एका प्रयोगात वीज गेली तर लोकांनी मोटारसायकली आणून त्यांच्या उजेडात नाटक पुरं करून घेतलं, असं त्याची पुतणी ज्योती सांगायची. प्रेमराजची ही लेक जळगावलाच शिक्षिका होती आणि काकाच्या नाटकांची प्रकाशयोजना बघायची. पण नातेवाइकांत कोणी विचारलं, तर प्रेमराज एवढंच म्हणायचा, "नवल डाळ मिलमा शे." नाटकाचं नाव काढायचा नाही. पाहायला तर कधीच गेला नव्हता.

गेला तो आषाढात, ज्योतीने हट्ट धरला म्हणून. नाटकाचं नाव 'सव्वा मूठ'. लिहिलेलं नवलचं, बसवलेलं नवलचं, आणि त्यातली घरातली मोठी सून तोही नवलच. दाढीमिशी घोटून, पिकल्या केसांवरून पदर घेऊन. गाजत होतं. जळगावात हॉल भरायचा, एरंडोलला लोक खिडक्यांत बसले होते. त्यात एका प्रवेशात ती सून सुपासमोर बसते, मुठी मोजत जाते, आणि मोजता मोजता रडायला लागते. म्हणते, "बठ्ठास्न्या मुठी मी मोजस. मनी मूठ कोन मोजी?" सगळ्यांच्या मुठी मोजणारीची मूठ कोण मोजणार, या प्रश्नाला बायका हमखास डोळे पुसायच्या.

दुसऱ्या रांगेत बसलेल्या प्रेमराजने मात्र डोळे पुसले नाहीत. ते बोलणं कुणाचं, हे ओळखायला त्याला वेळ लागला नाही. पदर खोचण्याची ती तऱ्हा, 'मूठ' म्हणताना मान किंचित डावीकडे नेणं, रोजच्या घरातलं. आपली बायको आपल्याला कधी न बोललेलं आपल्या भावापाशी रडून बोलली, आणि ते आपल्याला तिकीट फाडून कळतंय. बाहेर पडताना गावातल्याच एकाने खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, तुमनं घर दखाडं रे बाप्पा. त्या संध्याकाळी घरी आल्यावर प्रेमराज बराच वेळ अंगणात मोटारसायकलवर तसाच बसून होता. कोकिळेने दारातून पाहिलं. उतरायचं कसं ते विसरलेल्या माणसासारखा तो दिसत होता, आणि तिला त्याची फार दया आली. मग आत येऊन त्याने एकच वाक्य टाकलं.

"तू नि त्यानी मिळीसन माले चारचौघासमा उघडा पाडा."

त्यानंतर बोलणं खुंटलं ते कालपर्यंत. आणि कानबाई झाल्यावर पुढच्या रविवारी 'सव्वा मूठ'चा प्रयोग धुळ्यात होता. धुळं म्हणजे घरापासून हाकेच्या अंतरावर. अख्खी भाऊबंदकी जाणार होती. जीवरामने गाडीसुद्धा ठरवून टाकली होती, एवढा त्याला नाट्यकलेचा कळवळा. प्रेमराजने फोनवर नवलला बजावलं, तेवढा प्रवेश काढ. नवलने सांगितलं, तो काढला तर नाटकात काही उरतच नाही. मग प्रेमराज म्हणाला, तर घरात तूही उरत नाहीस.

दुपारच्या आत नवल आलाच, ज्योतीला मागे बसवून. ओट्यावर पाऊल ठेवताना त्याने भावाला नमस्कार केला. प्रेमराजने छपराकडे पाहिलं. जीवराम मात्र भलत्याच प्रेमाने म्हणाला, ये ये कलाकार. नवल सरळ आत, जात्यापाशी आला. जळगावात शुद्ध बोलणारा हा माणूस या घरात शिरला की अहिराणीवर यायचा.

"वहिनी, तू बी रागे भरेल शे का?"

कोकिळा जातं पुसतच राहिली. राग तिला होताच, आणि तो नवऱ्याच्या रागाहून वेगळा होता. गेले कित्येक दिवस तो तिने कुणाला सांगितला नव्हता, कारण विचारलंच नव्हतं कुणी.

"लुगडं मांगीसन लई गयथा," ती म्हणाली. "मनं बोलनं लई गया, तवय इचारं का?"

नवलने मान खाली घातली. चुकलं म्हणाला. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही, हेही त्याने कबूल केलं. प्रयोग संपल्यावर बायका आत येतात, त्याचा हात हातात घेतात आणि काही न बोलता जातात, हे तो सांगायला लागला. कोकिळेने त्याला मध्येच थांबवलं. बायकांचं ठीक आहे, पण आपल्याला रडवलं कशासाठी? ते बोलणं तिला चांगलं आठवत होतं. ज्योती झाली त्या वर्षीचा श्रावण. सासरे, पंडित आबा, त्याच वैशाखात गेलेले. ती ओसरीवर गहू निवडत होती आणि नवल खांबाला टेकून कसली तरी भूमिका पाठ करत होता. मांडीवरच्या पोरीची मूठ पडणार नाही, आपलीही नाही, असा विचार आला आणि ती हसत बोलून गेली. थट्टेवारी. त्याचं याने रडगाणं केलं आणि नवऱ्याला वाटलं की बायको पाठीमागे रडत होती.

"मी रडनूच नही," ती म्हणाली. "मी हसी राहिंथू. टाळ्यास्ना करता तू माले रडाडं."

नवलने मान वर केली. मग हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, तू रडी राहिंथी. मनाकडे तुनी पाठ व्हती. मी ती पाठ देखी, नि घर सोडापावत तीच देखत राहिनू. टाळ्यास्नं माले त्या येळे काय माहीत?"

कोकिळेने फडकं जोरात झटकलं. स्वतःच्या रडण्याची साक्ष दुसऱ्याने काढावी, हा कुठला न्याय? नटच तो, सोयीचं तेवढं लक्षात ठेवणार, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. तेवढ्यात ज्योती आजीला हाताला धरून ओसरीवर घेऊन आली, आणि गहू मोजायला सगळ्यांना बोलावणं गेलं.

सुंदरबाई भिंतीला टेकून बसल्या. पुढे सूप, डाव्या हाताला गव्हाची कोठी. कोकिळा शेजारी. प्रेमराज दाराच्या चौकटीत, जीवराम त्याच्या खांद्याआडून डोकावतोय, ज्योती आजीच्या पायाशी. नवल पायरीवरच थांबला. वर ये म्हणून कोणी म्हटलं नाही, आणि आपणहून यावं असं त्यालाही वाटलं नसावं.

"सुकदेव नाना," कोकिळेने सुरुवात केली. घरातले सगळ्यात थोरले ते. मूठ पडली. पुढचं नाव नवऱ्याचं. ते ती घेत नसे. दरवर्षी तिथे ती नुसती खाकरायची, मग सुंदरबाई स्वतःच "प्रेमराज" म्हणून मूठ टाकायच्या आणि बायाबापड्या हसायच्या. आज ती खाकरली, मूठ पडली, पण हसलं कोणी नाही. मग जीवराम. त्याची मूठ त्याने स्वतः डोळ्यांत तेल घालून बघितली.

आता नवल.

कोकिळेने सुपातले गहू बोटाने सारखे केले. नाव घेतलं, तर आधीच दुखावलेल्या नवऱ्याला सगळ्यांसमोर पुन्हा खाली पाहायला लावणं. न घेतलं, तर ज्या एकट्या माणसाने या घरात कधी आपलं बोलणं कान देऊन ऐकलं, त्यालाच तोडणं. आणि त्याने ते ऐकून बाजारात नेलं हेही खरंच. तिने चौकटीकडे पाहिलं. प्रेमराज तिच्याकडेच बघत होता. त्याला तिने मोटारसायकलवर बसलेला पाहिलं होतं. तेच तिच्या डोळ्यांपुढे आलं.

"हेमराज," ती म्हणाली. पुण्याला असलेल्या आपल्या मुलाचं नाव.

ज्योतीने आईकडे असं पाहिलं की कोकिळेने नजर फिरवली. सुंदरबाईंची भरलेली मूठ हवेतच राहिली.

"नवल राहिना," त्या म्हणाल्या.

"त्यानं नाव नही, माय," प्रेमराज बोलला. आवाज चढला नव्हता. "मी सांगेल शे."

सुंदरबाईंनी मुलाकडे पाहिलं, मग पायरीवरच्या मुलाकडे. वाद घातला नाही. मुठीतले गहू परत कोठीत टाकले आणि हात झटकला. म्हणाल्या, घराचा कर्ता तू, तुझं म्हणणं खरं. पण मग माझंही एक ऐक. त्याची मूठ नाही, तर यंदा शेवटचीही नाही.

शेवटची मूठ म्हणजे काय, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. सगळी नावं संपल्यावर सुंदरबाई दरवर्षी नाव न घेता एक मूठ आणखी टाकायच्या. आबा गेले त्या वर्षापासूनचं हे. मेलेल्याची मूठ पडत नाही, पण म्हातारीचा जीव कोणी दुखवायचा? सगळ्यांनी न पाहिल्यासारखं केलं. आणि त्या मुठीचा जो जास्तीचा रोट व्हायचा, तो प्रेमराज खायचा. पोट भरलेलं असो, बरं नसो, भिंतीकडे तोंड करून बापाचा वाटा म्हणून शेवटच्या घासापर्यंत खायचा. त्यातला तुकडाही त्याने कधी कुणाला दिला नव्हता.

"आबानी मूठ कसाले बंद करस, माय?" प्रेमराज म्हणाला. "आबानी काय कयं?"

"कोना आबानी?" सुंदरबाईंना खरंच कळलं नव्हतं. मग कळलं, तसं त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्यच उमटलं. "मरेल माणूसनी मूठ पडस का रे? इतला मोठा जाया, इतलं बी माहीत नही? ती कोकिळानी शे."

जीवराम प्रेमराजच्या खांद्याआडून पुढे आला.

"जोती व्हयनी त्या सालपाईन," सुंदरबाई साधेपणाने सांगू लागल्या. "हाई आठेच बशीसन गहू निवडी राहिंथी. रडी रडी गहू वल्ला कया. वल्ला गहू कानबाईले चालस का? मी कोंबड्यास्ले टाकी दिना नि दुसरा लिधा. हिनं बोलनं मी आयकेल व्हतं. मनमा म्हंतं, हिनी मूठ कोन मोजी, तर मी मोजसू. नाव लिधं नही. नाव लिधं तर तुम्ही माणसे भांडतात. बोलनं हिनं, तर एकला नवलनीच मूठ कसाले बंद करस?"

कोंबड्या. कोकिळेला कोंबड्या आठवल्या. त्या श्रावणात अंगणभर कोंबड्या कानबाईच्या गव्हावर तुटून पडलेल्या तिने पाहिल्या होत्या, आणि सासूला रीतभात राहिली नाही असं मनात म्हटलं होतं. कोंबड्या इतकी वर्षं लक्षात राहिल्या आणि गहू ओले कशाने झाले ते मात्र तिने पुसून टाकलं होतं. म्हणजे नवलने काही वाढवून लिहिलं नव्हतं. पाठ तिचीच होती. दरवर्षी शेवटची मूठ तिच्या डोळ्यांदेखत पडायची, आणि तीही सासऱ्यांची समजून तिला हात जोडायची. तिचे डोळे भरून आले आणि आता ते लपवायचं तिच्या मनातही आलं नाही.

प्रेमराज चौकटीतच खाली बसला. बापाचा म्हणून जो रोट तो इतकी वर्षं भिंतीकडे तोंड करून खात आला, तो बायकोचा होता. रागवावं तर कुणावर, हे त्याच्या चेहऱ्यावर शोधूनही सापडत नव्हतं.

जीवरामला मात्र शांतता सोसवत नसे. "म्हंजे बाईनी मूठ पडनी? इतला साल?" तो म्हणाला. "कानबाईले चालस का हाई?"

"कानबाई काय माणूस शे का? ती बी बाईच शे," सुंदरबाई म्हणाल्या.

ज्योती फिस्सकन हसली. मग पायरीवरून नवलही हसला, आणि हसताना त्याने डोळे पुसले. सुंदरबाईंनी पुन्हा मूठ भरली आणि सुनेकडे पाहिलं. कोकिळेने या वेळी चौकटीकडे पाहिलं नाही.

"नवल," ती म्हणाली.

मूठ पडली. प्रेमराजने अडवलं नाही. हेमराज, मग जीवरामची मुलं, मग नाशिकचे, सुरतचे, पाळण्यातले, सगळी नावं ओळीने झाली. राहिली शेवटची. सुंदरबाईंनी ती भरली आणि हात वरच धरला. आता नाव घेऊनच टाकीन, म्हणाल्या. कोकिळेला स्वतःचं नाव घेता येईना. नवऱ्याच्या नावाची सवय नव्हती हे ठीक, पण आपलंही नाव आपल्याच तोंडात असं अडकेल याची तिला कल्पना नव्हती. नवलने सवयीने तोंड उघडलं. रंगमंचावर तिच्या वाटचं बोलायची त्याला सवयच लागली होती.

"तू बोलू नको," प्रेमराज म्हणाला. "तू बहू बोलना तिनाकरता."

आणि मग, घसा साफ करून, "कोकिळा."

मूठ पडली. त्यावर वरचा पाव हिस्सा सुंदरबाईंनी चिमटी चिमटीने मोजून घातला.

रविवारी कानबाई बसली, गाणी झाली, सोमवारी सकाळी पांझरा नदीवर जाऊन तिला निरोप दिला. दुपारी घरचे सगळे रोट खायला बसले. पंगतीत प्रेमराज भावाशी फार बोलला नाही. तो प्रवेश ठेव असंही म्हणाला नाही, आणि काढ असंही नाही. फक्त ज्योतीला सांगितलं, की धुळ्याला दोन जागा धरून ठेव, आणि पुढच्या रांगेत नकोत. जीवरामने विचारलं, दुसरी कुणासाठी? ज्योतीने त्याच्या ताटात आणखी खीर वाढली.

वाढायला उभ्या असलेल्या कोकिळेला प्रेमराजने शेजारी बसायला सांगितलं. बाया पंगतीत बसत नाहीत, पण सांगणाराच कर्ता, म्हणून ती बसली. शेवटचा रोट त्याने आपल्या ताटातून उचलून तिच्या ताटात ठेवला. "मी तुना वाटा बहू खायी गऊ," एवढंच पुटपुटला आणि गंगाफळाच्या भाजीकडे वळला. कोकिळेने रोट मोडला. तो तव्यावर जरा जास्त झाला होता, कडेला कडक. तिने पहिला घास खीर लावून खाल्ला.

समोरच्या पाटावर नवलचं जेवण थांबलं होतं. तो तिच्याकडे बघत होता, दहावीतला पोरगा विहिरीकडे बघायचा तसा. त्याच्या नाटकाचा शेवट त्याला आत्ता मिळाला होता, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण या खेपेला तो गप्प राहिला नाही.

"वहिनी," त्याने विचारलं, "हाई लिखू का?"

प्रेमराजची भाजी ढवळणारी बोटं थांबली. सगळी पंगत कोकिळेकडे बघायला लागली, आणि आपल्या होकाराची इतक्या माणसांना वाट पाहायला लागते हे तिला जन्मात पहिल्यांदा कळलं.

तिने दुसरा तुकडा मोडला. कानबाईचा रोट टाकून बोलायला लागायचं नसतं. आधी तो संपवायचा असतो. आणि तिला काही घाई नव्हती.